कुमुदची खोली

वन्सं, सिनेमा पाहून आले. ठरलेल्याच रविवारी, सकाळच्या सव्वाअकराच्या खेळाला. इंदूरला तेवढा एकच खेळ उरला होता. नेहा मोबाईलवर तिकिटं काढत होती तेव्हा तिनं विचारलं, आई, दोन ना? मी हो म्हटलं. मग धारहून बस सुटल्यावर वाटत राहिलं, तीन म्हणायला काय झालं होतं.

तुम्ही बुधवारी गेलात आणि रविवारी मी सिनेमाला. गल्लीत काय बोलणं झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण सवड गुरुजींनीच दिली. त्यांनी विचारलं, बाईंचं लग्न झालं होतं ना? यांनी मान हलवली. दोन महिन्यांत परत आली होती हो, असं काहीतरी हे सांगू पाहत होते, तोवर गुरुजी म्हणाले, झालं होतं ना, मग गोत्र बदललं. अग्नी दिला म्हणून यांना दहा दिवस सुतक, बाकी घराला तीन. म्हणजे शनिवारी मी मोकळी. पस्तीस-चाळीस वर्षं तुम्ही त्या माणसाचं नाव घेतलं नाहीत, आणि शेवटी हिशेब त्याच्याच गोत्राचा झाला. मेल्यावरही तुम्ही आमच्या घरच्या पाहुण्याच ठरलात. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. मी कधीच ओरडले नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

आमच्या जिंतूरकडे नणंदेला कुणी वन्सं म्हणत नाही आता. ताई म्हणतात, आणि मागून काहीबाही म्हणतात. लग्न होऊन धारला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला आतेबाई म्हणायचं, ह्यांना मामंजी, आणि देवासहून येईल तिला वन्सं. मला वाटलं मी पोथीतल्या घरात आले. घरात असं पोथीतलं मराठी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं हिंदी आणि माळवी. हे मित्रांशी 'क्या भिया' करून बोलायला लागले की मला वाटायचं माझा नवरा बदलला. आठवीत शाळा सुटलेली, वय अठरा पुरं नव्हतं झालं, आणि बोलायला कुणी नाही. मी टीव्हीसमोर उभी राहायची आणि चॅनेल बदलत राहायची. कुठंतरी एखादं मराठी वाक्य लागेल म्हणून.

ते तुम्ही पाहिलंत. त्या शनिवारी देवासहून आला होतात, हातपायसुद्धा धुतले नव्हते. मला म्हणालात, चप्पल घाल. केबलवाल्याच्या दुकानात जाऊन उभ्या राहिलात. तो म्हणाला मराठी कोण बघणार दीदी, धारमध्ये चार घरं. तुम्ही शाळेत शिकवतानाच्या आवाजात म्हणालात, "मेरी भाभी देखेगी." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. या गावात मला कुणी माझी म्हटलं ते त्या दुकानात, पहिल्यांदा. दोन दिवसांनी चॅनेल आलं. महिन्याभरात त्यावर 'कारखानीसांचं घर' सुरू झालं.

पाच वर्षं चालली ती मालिका. रोज साडेसातला तुम्ही देवासला, टेकडीच्या पायथ्याच्या त्या भाड्याच्या खोलीत, आणि मी इथं. जाहिराती लागल्या की तुमचा मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे कुमुद बरोबर, दोन म्हणजे शर्वरी बरोबर. पाच वर्षांत तुम्ही दोन रिंगा किती वेळा दिल्या असतील, हाताच्या बोटांवर. सगळा महाराष्ट्र शर्वरीच्या बाजूनं, ती गरीब सून, सोशिक, गोरी. कुमुद म्हणजे नवऱ्याला सोडून माहेरी येऊन बसलेली नणंद, कमरेला किल्ल्या, लोकांची पत्रं लपवणारी. मी भांडायची तुमच्याशी. म्हणायची, वन्सं, तिनं शर्वरीच्या आईचं पत्र लपवलं, बिचारी आईला शेवटचं भेटू शकली नाही. तुम्ही म्हणायच्यात, लपवणारच. मी म्हणायची, लपवणारच म्हणजे काय? मग एकदा तुम्ही म्हणालात, "सुमन, एवढं मोठं घर दाखवतात. देवघर दाखवतात, माजघर, शर्वरीची खोली, गड्याचीसुद्धा खोली दाखवली. कुमुदची खोली पाहिलीस कधी?"

त्या दिवसापासून मी कथा सोडून खोली शोधायला लागले. खरंच नव्हती. कुमुद कायम दारात उभी, जिन्यात उभी, खांबाला टेकून उभी. बसलेली दिसायची ती स्वैपाकघरात. झोपलेली कधीच नाही. लिहिणाऱ्यांच्या ध्यानातच आलं नसेल की ही बाई रात्री कुठंतरी पाठ टेकत असेल. ते तुमच्या ध्यानात आलं. का आलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

महिन्यातून दोनदा तुम्ही यायच्यात आणि मला पाटीसारखं समोर बसवायच्यात. हिंदीचे फॉर्म, इंग्रजीतली सही, बेरजा. तुमच्यामुळे आठवी बाहेरून दिली आणि अंगणवाडीत सहायिका झाले. ही चार पानं लिहितेय तीही तुमच्यामुळेच, नाहीतर मी यादीपलीकडे काय लिहिलं असतं. तुमच्या समोर वही धरली की येत असलेलं अक्षरही मी खोडायची. तुम्ही कधी रागावला नाहीत. पण रागावाल असं मला सतत वाटत राहायचं, आणि हे वाटणंच पुढे नडलं.

शेवटचा भाग होता त्या दिवशी तुम्ही निवडणुकीच्या ड्यूटीवर. बागलीच्याही पुढं कुठल्या तरी शाळेत. आदल्या दिवशी बजावून सांगितलंत, पापणी हलवायची नाही, एकेक शब्द मला सांगायचा. मी साडेसातच्या आधी पोळ्या उरकून बसले. कुमुदची सगळी कारस्थानं उघडी पडून ती घर सोडून गेलेली, आणि आता परत आलेली. रिक्षातून उतरली, हातात एक पिशवी. दाराशी उभी. आत शर्वरी दाराजवळ आली, कडीवर हात ठेवला, आणि लाइट गेली.

आख्ख्या मोहल्ल्याची गेली. आली तेव्हा दुसरंच काहीतरी चालू होतं. आणि तेवढ्यात तुमचा फोन. कुठल्याशा टेकाडावर चढून रेंज मिळवली होतीत, धाप लागलेली ऐकू येत होती. "उघडलं का गं तिनं?"

लाइट गेली एवढं म्हणायचं होतं. पण एक काम सांगितलं होतंत आणि तेवढंही मला जमलं नाही, हे मी कसं सांगणार? मी म्हटलं, उघडलं. मग? मग शर्वरीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. आणि? आणि माझ्या तोंडून आपोआप पुढचं आलं: "म्हणाली, वन्सं, आत या. तुमची खोली झाडून ठेवलीय."

मला वाटलं रेंज गेली. मग तुम्ही हळूच विचारलंत, वन्सं म्हणाली? तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाच वर्षं शर्वरी तिला कुमुदताई म्हणत होती. कारखानीसांच्या घरात वन्सं हा शब्द कुणी काढलाच नव्हता. मी म्हटलं, हो, शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. मी अंगणवाडीतून पळत घरी आले. शर्वरीचा हात कडीवरून मागे आला. तिनं खिडकीचा पडदा ओढला. बाहेर कुमुद, दोनदा बेल वाजली, मग लांबून ते घर, आणि नावं सुरू. दार उघडलंच नाही. तुम्ही ड्यूटीवरून परतला नव्हतात. मी तुम्हाला फोन करू शकत होते. नाही केला. पहिलं खोटं घाबरून बोलले होते, हे दुसरं मात्र ठरवून.

आणि तुम्हाला तो शेवट एवढा आवडला. सोळा वर्षं, वन्सं. आजारी असलात, शाळेत काही बिनसलं असलं, निवृत्त झालात तेव्हा, तुम्ही म्हणायच्यात, सुमन, तो शेवट परत सांग गं. मी सांगायची. सांगताना दर वेळी खोलीत काहीतरी वाढायचं. आधी नुसती खोली होती, मग तिला खिडकी आली, खिडकीत तुळस आली, पितळेचं तांब्या-भांडं आलं. एकदा उन्हाळ्यात तुम्ही विचारलंत, पंखा आहे का त्या खोलीत? मी म्हटलं आहे. मग ठीक, म्हणालात.

आमच्या वरच्या खोलीत तेव्हा जुना कूलर होता, पेट्या, नेहाचा मोडका पाळणा. अजूनही होता, कालपर्यंत.

भाऊबीजेचं लिहायचं राहू द्यावं असं वाटतंय. पण ते राहू दिलं तर हे सगळं लिहून काय उपयोग.

दर भाऊबीजेला तुम्ही दोन दिवस यायच्यात. माहेरवाशीण म्हणून मी तुमची ओटी भरायची. तुमची ओटी भरावी की नाही यावर आतेबाईंच्या बहिणी कुजबुजायच्या, त्यांना मी एकदाच उत्तर दिलं होतं, त्याचा मला अभिमान होता. पण ओटी भरली की माणसानं निघायचं असतं, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. दरवर्षी मी मोठ्या मानानं तुम्हाला निघा म्हणत होते.

या दिवाळीला मी तबक घेऊन आले. तुम्ही खाटेच्या कडेला बसला होतात, पिशवी भरून शेजारी. हे रिक्षा आणायला गेले होते. तुम्ही म्हणालात, "सुमन, या खेपेला ओटी राहू दे."

राहू दे म्हणजे? मी विचारलं. तुम्ही खोलीच्या भिंतीकडे पाहत होतात. म्हणालात, काय घाई आहे एवढी.

मला कळलं, वन्सं. मला त्याच क्षणी कळलं, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. वरची खोली डोळ्यांसमोर आली, तिथला कूलरही आला. आणि भीती वाटली. या घरात मी वीस वर्षं सगळ्यांत कमी कळणारी होते. आतेबाई गेल्या, मामंजी गेले, तेव्हा कुठे डाळीत मीठ किती ते मला कुणाला विचारावं लागेनासं झालं. तुम्ही आलात तर मी पुन्हा वही धरून बसलेली होईन, असं वाटलं. तुम्ही तशा नाहीत, हे ठाऊक असून वाटलं. मी हसले आणि म्हटलं, असं कसं, माहेरवाशिणीला कुणी रिकाम्या पदरानं पाठवतं का. आणि पाच ओंजळी तांदूळ घातले. तुम्ही पदर पुढे केलात. रिक्षाचा हॉर्न वाजला. येते, म्हणालात.

मग माघात सिनेमाची जाहिरात आली. तीच माणसं, तेच घर, सोळा वर्षांनी. सगळीकडे लोक नाचायला लागले, आणि मी टीव्ही बंद केला. तुमचा निरोप आला, आवाजातला. तो अजून फोनमध्ये आहे, परत लावायची हिंमत होत नाही, पण शब्द पाठ आहेत. "सुमन, आता कळेल. दार उघडल्यावर पुढं दोघी कशा राहिल्या ते आता कळेल." पहिल्या रविवारी जाऊ म्हणालात. मी म्हटलं नेहाची परीक्षा आहे. तिची परीक्षा नव्हती. पुढच्या रविवारी नक्की, म्हटलं. तुम्ही बरं म्हणालात. मी आधी पाहणार नाही एवढं वचन घेतलंत. ते मी पाळलं.

तर सिनेमा. पन्नासेक माणसं होती, बहुतेक आपल्यासारख्याच बायका, पिशवीत डबा घेऊन आलेल्या. जुनं शीर्षकगीत लागलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आता ढोल घातलेत, तुम्ही कानावर हात ठेवला असतात. शर्वरीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, नेहा म्हणाली भरून घेतल्यात. ती आता मोठी उद्योजिका आहे, विमानातून उतरते, सारखी उतरते. घर वरून दाखवलंय, पक्ष्यानं पाहावं तसं. सोशिक म्हणून आपण जिच्यासाठी रडलो ती आता सगळ्यांना व्याख्यान देते. मला राग आला. आणि मग दार दाखवलं. तेच दार, नुसता रंग नवा. राग आणि रडू असं एकत्र आलं की काय करायचं असतं?

कुमुदचं काम करणाऱ्या बाईंनी केस काळे केले नाहीत. हात खरंच थरथरत होते त्यांचे. शर्वरीच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत नाव घालायचं म्हणून तिचा शोध सुरू होतो, आणि ती सापडते एका वृद्धाश्रमात. आणि तिथं, वन्सं, कुमुदची खोली दाखवली. पहिल्यांदाच. लोखंडी खाट, एक टेबल, एक खिडकी. पंखा होता. तुळस नव्हती. मी नेहाचा हात इतका घट्ट धरला की ती दचकली. माझ्या दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई चकली खात होती, तिला मी सांगणारच होते, अहो, खोली दाखवली. मग तुमचा आवाज ऐकू आला, अगदी स्पष्ट: दाखवली, पण घराबाहेर.

शर्वरी तिला म्हणते, मी त्या दिवशी दार उघडायला हवं होतं. कुमुद म्हणते, झालं ते झालं. दोघी मिठी मारतात आणि पुढच्या क्षणाला हळदीत नाचतात. सोळा वर्षांचं पाच मिनिटांत आटोपलं. लोक डोळे पुसत होते, मीही पुसत होते, पण मला त्या शर्वरीचा हेवा वाटत होता. तिला वाक्य म्हणायला समोर माणूस होतं. तुम्ही शेजारी असतात तर त्याच वाक्याला माझं खोटं उघडं पडलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतं. मी सोळा वर्षं त्या पाहण्याला भीत होते, आणि आता तेच हवंय.

नेहा म्हणते जुने सगळे भाग आता फोनवर सापडतात, दोन मिनिटांचं काम. तुमच्याकडे फोन होता. तुम्ही पाहिला असेल का तो शेवट? पाहून मग मला परत सांग म्हणत होतात का? मला माहीत नाही आणि आता कळणार नाही. पाहिला नसेल, तर मी तुम्हाला फसवलं. पाहिला असेल, तर तुम्ही मला इतकी वर्षं एकच गोष्ट विचारत होतात, आणि मी दर वेळी फोनवर हो म्हणून घरी नाही म्हणत होते.

थिएटरमधून आम्ही तशाच देवासला गेलो. खोली आवरायची होती. मालकीणबाईंनी दिवा तेवत ठेवला होता, त्यांचे उपकार. चहा दिला आणि रडल्या. मग सहज म्हणाल्या, "दिवाली के पहले दीदी बोले थे, अबकी भाभी रोक लेगी तो कमरा खाली कर दूँगी." नेहानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिले.

तुमच्या फडताळात, पुस्तकांच्या मागे, ओटी होती. हिरवा खण, गाठ मीच मारलेली, तशीच. दरवर्षी तुम्ही दोन दिवसांत फोन करून सांगायच्यात, ओटीच्या तांदळाची खीर केली गं. या वर्षी तो फोन आला नव्हता. आला नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

ओटीचे तांदूळ दिलेल्या घरी परत आणत नाहीत, मला ठाऊक आहे. मी आणले. नारळाचा आत गोटा झालाय, हलवला की वाजतो. तांदळात टोके झाले होते. काल सकाळी ताटात घेऊन अंगणात बसले आणि एकेक निवडले. यांना सांगितलं, हे तांदूळ तुमच्या ताईंचे. यांनी विचारलं, कुठून आणलेस? तेव्हा मी यांना सगळं सांगितलं, लाइट गेल्यापासून भाऊबीजेपर्यंत. हे उठले, वर गेले, आणि कूलर ओढल्याचा आवाज आला. मी वर गेले तेव्हा यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हे पेट्या उचलत होते.

यांचं सुतक संपायचं आहे, म्हणून खीर नाही केली. साधा भात केला, वर साजूक तूप. तो वरच्या खोलीत बसून आम्ही तिघांनी खाल्ला, जमिनीवर. खोली झाडून, पुसून झालीय, वन्सं. खिडकी गंजली होती, तेल घातल्यावर उघडली. तुळस उद्या लावते. पंखा तेवढा राहिलाय, त्याचा माणूस परवा येणार आहे.